दोघांपुरतं जेवण

काकूंनी कागदावर 'बटाटे' असं लिहिलं आणि पुढे 'वीस किलो' लिहून मोकळ्या झाल्या. मग चष्मा कपाळावर चढवून त्या स्वतःशीच हसल्या, वीसवर काट मारली आणि दोन केलं. दोन किलो बटाटे दोन माणसांना जास्त होतात की कमी, याचा अंदाज त्यांना खरोखरच नव्हता.

हसण्यासारखं आहे खरं, पण त्यात काकूंचा दोष नाही. बावीस वर्षं त्या एका औषध कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण होत्या. रोज साडेतीनशे माणसं जेवायची. सगळी मापं दहाची: दहा माणसांचं तांदळाचं डबडं, दहा माणसांची मिठाची मूठ. दहाच्या खालचं माप कॅन्टीनमध्ये नव्हतं, त्यामुळे काकूंच्या हातातही नव्हतं. रोजचं म्हणाल, तर संध्याकाळी कॅन्टीनमधूनच डबा भरून घरी यायचा आणि नवराबायको तोच गरम करून खायचे. रविवारी अंडी आणि पाव. काकू घरी अशा वर्षातून एकदाच पदर खोचून उभ्या राहायच्या, सणाच्या दिवशी. आणि तेव्हा जेवायला नणंदेचं सगळं गोकुळ असायचं, म्हणजे हे दोघं धरून अकरा माणसं. काकूंच्या मापात ते बरोब्बर बसायचं.

या वर्षी मात्र दोघंच जेवणार होते. का, ते सांगतो. सांगताना काकूंची बाजू घ्यायची की नाही हे माझं अजून ठरलेलं नाही.

काका, म्हणजे काकूंचे यजमान, लिफ्ट दुरुस्त करायचे. त्यांच्या लेखी फोन वाजणं म्हणजे कुणीतरी दोन मजल्यांच्या मधे अडकलेलं असणं. त्यामुळे घरी आले की ते कंपनीचा फोन चपलांच्या कपाटावर पालथा ठेवायचे आणि दुसऱ्या कुठल्या फोनला हात लावायचे नाहीत. आपणहून कुणाला फोन करणं तर सोडाच. स्वतःच्या सख्ख्या बहिणीलाही त्यांनी कधी फोन केला नव्हता. ताईंना हे ठाऊक होतं. त्या सरळ काकूंनाच फोन लावायच्या. "काय म्हणतो तो?" असं त्या विचारायच्या, आणि फोन ठेवला की इकडे काका विचारायचे, "काय म्हणते ताई?" बावीस वर्षं भावाबहिणीचं प्रेम असं काकूंच्या तोंडून ये-जा करत होतं. काकूही त्यात पदरची चमचाभर साखर घालायच्या. काका वर्तमानपत्रातून डोकंसुद्धा वर काढत नसले तरी त्या ताईंना सांगायच्या, "कालच तुमची आठवण काढत होते." ताई तिकडे खूश व्हायच्या. गोड थापांची अशी सवय झाली, की कडू थाप मारताना जीभ फारशी अडखळत नाही.

ही थाप त्यांनी दोन आठवड्यांपूर्वी मारली. ताईंचा फोन आला, सणाला किती वाजता येऊ म्हणून. काकू म्हणाल्या, "अहो ताई, यंदा यांची नेमकी ड्यूटी लागलीय. उजाडल्यापासून रात्रीपर्यंत." मग फोन ठेवून त्या बाहेरच्या खोलीत आल्या आणि काकांना म्हणाल्या, "ताईंना यंदा जमत नाहीये. मुलाकडे जातायत."

काका म्हणाले, "बरं."

एवढंच. एका दगडात दोन पक्षी, आणि दगड कुणी मारला ते कुणाला कळणारही नव्हतं. काकूंना इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि घासून ठेवलेलं पातेलं पुन्हा घासत बसल्या.

असं का केलं त्यांनी? त्याचं कारण मागच्या सणात होतं. त्या दिवशी काकू पहाटेपासून उभ्या होत्या. वाढता वाढता सगळ्यांची जेवणं झाली, आणि त्यांनी ओट्यापाशी उभ्यानेच गार बटाट्याचा पहिला तुकडा तोंडात टाकला, तेवढ्यात बाहेरून ताईंचा आवाज आला. "चव वाईट नाही हो तिच्या हाताला. पण शेवटी ती कॅन्टीनचीच चव. पोट भरतं, मन भरत नाही." सगळे हसले. ताईंच्या जिभेला हाड नव्हतं, हे काकूंना लग्नाच्या दिवसापासून माहीत होतं. ते त्यांनी मनावर घेतलं नसतं. पण त्या हसण्यात काकांचाही आवाज होता. नवऱ्याचं हसू बायकोला दहा माणसांत ओळखू येतं.

त्या रात्री काकूंनी ठरवलं, की एक सण असा करायचा, की आपण खुर्चीवर बसायचं, समोर हे, मधे गरम सूप, आणि जेवण संपेपर्यंत एकदाही उठायचं नाही. फार मोठं मागणं नव्हतं हो. पण ते कुणाजवळ मागायचं, हे त्यांना कळलं नाही. मग त्यांनी ते चोरून घेतलं.

तर अशी ती यादी. टोमॅटोचं सूप, भाजलेली कोंबडी, लोण्यात परतलेले बटाटे, ताजा पाव, शेवटी सफरचंदाचा केक. काकूंनी नवीन टेबलक्लॉथ आणला, फिक्या निळ्या रंगाचा. काचेचे दोन वाडगे आणले. दुकानातली मुलगी म्हणाली, "सहाचा सेट घ्या ना, स्वस्त पडेल." काकू म्हणाल्या, "आम्ही दोघंच आहोत." आणि हे म्हणताना त्या उगाचच लाजल्या, आणि दुकानातून बाहेर पडल्यावर उगाचच घाबरल्या. समोरच्या फुटपाथवरून एक जाडजूड बाई काठी टेकत चालली होती. ताई नव्हत्या त्या. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. त्या दिवसापासून काकूंना गावभर ताईच दिसायला लागल्या.

  एकदा काका जेवता जेवता म्हणाले, "ताई मुलाकडे गेली म्हणजे बरंच झालं. नातवंडांत रमेल." आणि थोड्या वेळाने, "तिकडे थंडी फार असते. स्वेटर नेला असेल ना?" काकू म्हणाल्या, "नेला असेल."  काकांना पाच वर्षांचं सोडून आई गेली, तेव्हा ताई चौदा वर्षांच्या होत्या. धाकट्या भावाच्या बुटांच्या नाड्या त्याला स्वतःला बांधता येईपर्यंत त्यांनीच बांधल्या होत्या. हे काकूंना काकांनी कधी सांगितलं नव्हतं. ताईंनी सांगितलं होतं, आणि दर सणाला सांगितलं होतं.

सणाला चार दिवस राहिले असताना काकू केर काढत होत्या. झाडू पलंगाखाली कशावर तरी आपटला. त्यांनी वाकून ओढून काढलं, तर एक लाकडी पाटासारखी चौकी, वीतभर उंचीची, वरून जुन्या ब्लँकेटचा तुकडा ठोकलेला. खिळे अगदी सरळ रेषेत होते. काकांच्या हातचं काम लपत नाही. ताईंची उंची कमी, खुर्चीवर बसल्या की पाय अधांतरी लोंबायचे आणि गुडघे दुखायचे. मागच्या सणाला त्या तसं म्हणाल्या होत्या. काकूंनी त्या दिवशी ऐकलं ते एक वाक्य, आणि काकांनी ऐकलं ते हे दुसरं. चौकी करून झाली होती, आणि मग ती पलंगाखाली ढकलून दिली होती.

काकूंनी ती होती तशी परत सरकवली. केर तसाच ठेवून त्या पलंगावर बसून राहिल्या. आपण वाईट बाई आहोत, असं त्यांना त्या वेळी स्पष्ट वाटलं. पण वाटलं म्हणून काय झालं? सांगायचं तर दोघांना सांगायचं, आणि सांगितलं तर तोंड लपवायला जागा नाही. त्यापेक्षा चार दिवसांचा तर प्रश्न आहे, एकदा सण पार पडला की सगळं जिथल्या तिथे, असं म्हणून त्यांनी झाडू उचलला.

दुसऱ्या दिवशी ताईंचाच फोन आला.

"काय गं, त्याची ड्यूटी कुठल्या बाजूला आहे सणाला?"

"का हो?"

"डबा पाठवीन म्हणते. शेजारचा रिक्षावाला जातो सगळीकडे. सणासुदीचं त्याने कोरडंच खायचं का?"

 "नको हो ताई. ते कुठे कुठे फिरत असतात. एका जागी सापडायचे नाहीत."

"बरं. मग तू काय करणार?"

"मी? मी आहे घरीच."

"मग तू ये की इकडे! मुलाला रजा नाही मिळाली यंदा, तो सगळी पलटण घेऊन तिकडेच थांबलाय. दीर-जाऊ गेलेत फिरायला. मी एकटीच आहे. तू ये, दोघी बसू. काही करायला नको, मी करते सगळं. तू रोज त्या भट्टीपुढे उभी असतेस, एक दिवस कुणीतरी तुला वाढलं तर काय बिघडलं?"

फोन कानाला तसाच राहिला. म्हणजे अकरा माणसं येणारच नव्हती. ताई एकट्याच येणार होत्या. तीन माणसांचं जेवण. काकू खुर्चीवर बसल्या असत्या तरी कुणी उठवलं नसतं. एका गुडघे दुखणाऱ्या बाईला टाळण्यासाठी त्यांनी हा सगळा खटाटोप केला होता, आणि तीच बाई आता त्यांना वाढायला बोलावत होती. खरं सांगायचं तर हीच वेळ होती. "ताई, यांची ड्यूटी रद्द झाली," एवढं म्हटलं असतं तरी सगळं निभावलं असतं. पण खोट्याला एकदा पाय फुटले की ते आपल्याला ओढत नेतं. काकूंच्या तोंडून निघालं, "नाही हो, मलाही अर्धा दिवस कॅन्टीनला जावं लागणार आहे. रात्रपाळीची माणसं असतात ना."

"सणाच्या दिवशी? त्यांना काही लाज आहे की नाही!" ताई म्हणाल्या. "आवाज का गं बारीक येतोय तुझा? जपून राहा."

सण उजाडला. काकांना सुट्टी होती, काकूंनाही. काकूंनी दुपारी स्वयंपाक काढला, आणि हात थांबेनात. डोक्यात ताई होत्या, आणि हात आपले सवयीने चालले होते. जित्याची खोड. सूपसाठी लहान भांडं काढलं होतं, ते कधी बाजूला गेलं आणि मोठं पातेलं कधी शेगडीवर चढलं ते कळलं नाही. दोन किलो बटाटे सोलून झाले. एक कोंबडी एवढीशी दिसते म्हणून आदल्या दिवशी त्यांनी दोन आणल्या होत्या. केकचं पीठ एका साच्यात मावेना, म्हणून दुसरा साचा घेतला.

पाचच्या सुमाराला काका पाव घेऊन आले. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. मग पुढे येऊन त्यांनी एकेक झाकण उचलून पाहिलं. पातेलं पाहिलं, दोन कोंबड्या पाहिल्या, दोन केक पाहिले.

"अगं, एवढं कुणासाठी?"

"आपल्यासाठीच."

काकांनी काकूंकडे पाहिलं. गेल्या दोन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला, आणि असा खुलला, की काकूंना त्यांच्याकडे पाहवेना.

"तू म्हणजे ना! ताई येतेय. खरं सांग, येतेय ना? मला उगीच मुलाकडे जातेय म्हणून सांगितलंस. मी आपला मनाला लावून बसलो होतो, की तिला आपली आठवणसुद्धा राहिली नाही."

"अहो..."

पण काका आत गेले होते. पलंगाखालून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. ते बाहेर आले ते पांढरा शर्ट घालून, एका हातात खुर्ची, दुसऱ्या हातात चौकी. निळ्या टेबलक्लॉथपाशी त्यांनी तिसरी खुर्ची मांडली, खाली चौकी ठेवली, आणि स्वतः बसून पाय टेकवून पाहिले. "ही बघ, गंमत केली तिच्यासाठी. आता बघू गुडघ्यांची काय तक्रार राहते ते. किती वाजता येतेय? मी खाली जाऊन थांबतो. फाटकाजवळ चार पायऱ्या आहेत, तिला चढवत नाहीत."

काकू अजूनही सुटू शकल्या असत्या. 'हात चुकला हो माझा,' असं म्हटलं असतं, तर काका पुन्हा 'बरं' म्हणाले असते, शर्ट काढून ठेवला असता, आणि सण पार पडला असता. काकूंना ते वाक्य सुचलंही. पण त्या चौकीवर काकांचे दोन्ही पाय जुळवून ठेवलेले होते, आणि ते पाहून त्यांना ते वाक्य बोलवेना.

"ताई येत नाहीयेत," त्या म्हणाल्या. "मी त्यांना खोटंच सांगितलं, तुम्हाला ड्यूटी आहे म्हणून."

"मला? ड्यूटी?"

"हो. आणि त्या मुलाकडे जातायत, हेही मीच रचलं."

 बिघाड नक्की कुठे आहे ते शोधल्याशिवाय पाना उचलायचा नाही, ही काकांची कामाची पद्धत होती. "मग ती आत्ता कुठे आहे?"

"घरी."

"कोण कोण आहे तिथे?"

"कुणी नाही. एकट्याच आहेत."

"का गं?" काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर काकूंना बरं वाटलं असतं.

या प्रश्नाचं उत्तर काकूंनी वर्षभर मनात तयार ठेवलं होतं. ते त्यांनी दिलं. पहाटेपासूनचे पाय, ओट्यापाशी उभ्याने खाल्लेला गार बटाटा, कॅन्टीनची चव. मनात ते मोठं भांडण होतं. तोंडातून बाहेर पडलं तेव्हा दोन मिनिटांत संपलं.

"आणि तुम्हीही हसला होतात," शेवटी त्या म्हणाल्या.

"हसलो होतो," काका म्हणाले. "मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर काय म्हणाला असतात?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "म्हणालो असतो, जाऊ दे गं, ताईचा स्वभावच तसा."

"तेच तर."

"हो. चुकलंच असतं ते माझं." ते उठले. "पण ती एकटी बसलीय ना गं आज."

आणि त्यांनी हात पुढे केला. काकूंना आधी कळलंच नाही. मग त्यांनी आपला फोन काकांच्या हातात दिला. काकांनी ताईंचं नाव शोधायला बराच वेळ घेतला. पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला, आणि ताईंचा आवाज तर असा, की खोलीच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू यावा.

"हं, बोल गं."

"ताई, मी आहे."

 पलीकडून एकदम, "तू? तिला काय झालं? अरे, तिला काय झालं? त्या दिवशी आवाज बारीक येत होता, मी म्हटलंच हिचं काहीतरी दुखतंय. कुठे आहात तुम्ही? दवाखान्यात आहात का? बोल ना रे!"

 काका सांभाळून घेऊ शकले असते. बहिणीपुढे बायकोची बाजू राखायला नवऱ्याला एखादी थाप काही जड नसते, आणि काकूंनी डोळ्यांनी तेवढी भीकही मागितली. काकांनी फोन त्यांच्यापुढे धरला.

"ताई, मी बरी आहे," काकू म्हणाल्या. "मला काही झालेलं नाही. यांना आज ड्यूटी नव्हती. मलाही नव्हती. मी खोटं बोलले."

ताईंना हे समजायला वेळ लागला. पलीकडे कुठेतरी भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज झाला.

"म्हणजे मी नको होते तुला," त्या म्हणाल्या.

काकूंना 'तसं नाही हो' म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण खोटं बोलून बोलून त्या दमल्या होत्या.

"हो," त्या म्हणाल्या. "आता या ना. हे घ्यायला येतात तुम्हाला."

"नको गं. आज नको. मला नाही येववणार." आणि मग, नेहमीसारखं, "तुम्ही जेवून घ्या." फोन बंद झाला.

काकांनी ओट्याखालून मोठा डबा काढला. काकूंनी न सांगता तो भरायला घेतला. सूप बरणीत, कोंबडी, बटाटे, पावाचे तुकडे कागदात, केकची मोठी फोड. झाकण नीट लावलं. काकांनी चौकी काखेत मारली.

"मी येऊ?" काकूंनी विचारलं.

काका दाराशी थांबले. "येशील. पण आज मला एकट्याला जाऊ दे. तिच्याजवळ बसून जेवतो जरा." चपला घालताना ते पुढे म्हणाले, "तू उपाशी राहू नकोस. उगाच तुझ्या उपासाचं आणखी एक ओझं नको."

लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला. काकू टेबलापाशी बसल्या. बाहेर अजून उजेड होता, समोरच्या घरात कुणीतरी मोठ्याने हसत होतं. आपल्याला भूक लागली आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. इतकं सगळं झाल्यावर भूक लागावी, याची त्यांना फार लाज वाटली. पण लागली होती. त्यांनी एका नव्या वाडग्यात सूप वाढून घेतलं. ते गरम होतं, मीठही बरोबर पडलं होतं. बसून, एकदाही न उठता, त्यांनी ते संपवलं.